गाडीचा आफ्टरमार्केट स्टिरिओ: मोठी अँड्रॉइड स्क्रीन की साधा रिसीव्हर, दोन्ही वापरून सांगते

घरात दोन गाड्या आहेत आणि दोन्हीतला कंपनीचा टेप काढून बाहेरचा बसवलाय. दादाच्या गाडीत दहा इंची अँड्रॉइडवाला, तोच जो हल्ली सगळीकडे दिसतो, डॅशबोर्डवर टॅबलेट चिकटवल्यासारखा. माझ्या गाडीत नावाजलेल्या कंपनीचा साधा डबल डिन (डॅशबोर्डमधल्या मोठ्या ठरावीक मापाच्या खाचेत बसणारा) रिसीव्हर, स्क्रीन जेमतेम सात इंच, त्यात आपलं ॲप वगैरे काही टाकता येत नाही, फोन जोडला की कारप्ले (आयफोनसाठी) किंवा अँड्रॉइड ऑटो (अँड्रॉइड फोनसाठी) चालतं, म्हणजे फोनमधले नकाशे आणि गाणी गाडीच्या स्क्रीनवर दिसतात, एफएम आहे, ब्लूटूथ आहे, संपलं. दोन्ही गाड्या आलटून पालटून चालवते त्यामुळे तुलना आपोआपच होत राहते, आणि निकाल इथेच सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील: रोज स्वतः गाडी चालवणाऱ्याने साधा रिसीव्हर घ्यावा. दहा इंची स्क्रीन बघायला भारी आहे, गाडी चालवताना वापरायला नाही.

पहिलं नेव्हिगेशनचंच घेऊ, कारण निम्मे लोक त्यासाठीच स्टिरिओ बदलतात. कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो दोन्हीत नकाशा फोनमध्येच चालतो, ट्रॅफिकची माहिती फोन आणतो, रस्ता फोन ठरवतो आणि तयार चित्र व्हिडिओसारखं स्टिरिओकडे पाठवतो. स्टिरिओचं काम एवढंच की ते दाखवायचं आणि तुमचं बोट कुठे टेकलं ते फोनला कळवायचं. त्यामुळे स्टिरिओत २ जीबी रॅम आहे की ८ जीबी याने मॅप्सला काडीचा फरक पडत नाही. फरक पडतो तो टच किती पटकन घेतो, भर उन्हात स्क्रीन वाचता येते का आणि फोन पहिल्या झटक्यात जोडला जातो का याने, आणि यातलं काहीच खोक्यावर छापलेलं नसतं. खोक्यावर मोठ्या अक्षरात काय असतं? रॅम.

पूर्वी असं नव्हतं हे खरं. पायोनियरने १९९० साली जीपीएसवर चालणारी कार नेव्हिगेशन सिस्टिम बाजारात आणली तेव्हापासून पुढची कितीतरी वर्षं नकाशा स्टिरिओच्या पोटातच असायचा, आधी सीडीवर, मग डीव्हीडीवर, मग एसडी कार्डावर, आणि नवा रस्ता झाला की अपडेट विकत घ्या. २०१४ मध्ये कारप्ले आलं, त्याच वर्षी अँड्रॉइड ऑटोची घोषणा झाली आणि ते २०१५ पासून वापरात आलं, तिथे हा सगळा कारभार खिशातल्या फोनकडे गेला. तरी विकणारे अजून "इनबिल्ट नेव्हिगेशन" म्हणून त्याचे वेगळे पैसे लावतात, त्याला भुलू नका.

आता दादाच्या अँड्रॉइड स्टिरिओला स्वतःचा जीपीएस आहे, सोबत तो छोटा चौकोनी अँटेना येतो. पण त्यात सिम नाही, म्हणजे फोनचं हॉटस्पॉट दिलं तरच इंटरनेट. इंटरनेट नसेल तर त्याला सॅटेलाइटची सगळी माहिती थेट आकाशातून घ्यावी लागते आणि तो डेटा येतो सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने. एका सॅटेलाइटची स्वतःच्या जागेची माहिती पूर्ण यायला ३० सेकंद आणि सगळ्या सॅटेलाइटचं पंचांग, म्हणजे कोण साधारण कुठे असेल याचा तक्ता, यायला साडेबारा मिनिटं. फोन हीच माहिती नेटवरून क्षणात उचलतो म्हणून तो लगेच जागा दाखवतो आणि स्टिरिओ मात्र पार्किंगमधून बाहेर पडून दोन वळणं घेतली तरी बाण भलत्याच रस्त्यावर फिरवत बसतो. त्यात फिटिंगवाल्याने अँटेना डॅशच्या आत लोखंडी पट्टीखाली कोंबला असेल तर विचारूच नका, तो काचेजवळ, वरच्या बाजूला, आकाशाकडे तोंड करून हवा. काही गाड्यांच्या पुढच्या काचेवर उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असतो, त्यातूनही सिग्नल नीट येत नाही, तेव्हा तुमच्या गाडीची काच तशी आहे का ते आधी माहीत करून घ्या.

अँड्रॉइडवाल्याची एक बाजू मात्र मान्य करायला हवी. ज्यांचा प्रवास रेंज नसलेल्या भागात होतो त्यांनी त्यात ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं ऑफलाइन ॲप टाकलं, ऑस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स, तर फोनला हातही न लावता काम होतं. अर्थात गूगल मॅप्समध्ये तो भाग आधीच डाउनलोड करून ठेवला तर माझ्या साध्या रिसीव्हरवरही हेच होतं, फक्त फोन जोडलेला हवा.

वायरलेसचं वेड फार आहे सध्या. ते चालतं कसं तर आधी ब्लूटूथवर ओळखपाळख होते आणि मग सगळा डेटा वायफायवरून जातो, बहुतेक ५ गिगाहर्ट्झवर. आयफोनला ही सोय आयओएस ९ पासून आहे, अँड्रॉइडमध्ये सर्रास सगळ्या फोनना अँड्रॉइड ११ पासून मिळाली. सोयीचं आहे, नाही म्हणत नाही, जवळच्या जवळ जायचं असेल तर फोन पर्समधून बाहेरच काढावा लागत नाही. पण लांबच्या प्रवासात फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते आणि शेवटी चार्जिंगला वायर लावतोच, मग वायर लावायचीच तर सरळ डेटावालीच लावा ना. माझा रिसीव्हर वायरवालाच आहे आणि मला त्याचा काही त्रास नाही. एक सांगते, वायर चांगली घ्या. "कारप्ले सारखं तुटतं" अशा ज्या तक्रारी असतात त्यातल्या बऱ्याच तक्रारी वायर बदलली की मिटतात, आणि काही वायरी तर फक्त चार्जिंगच्याच असतात, त्यातून डेटा जातच नाही, मग स्टिरिओला शिव्या घालून काय उपयोग.

आता रॅम आणि अँड्रॉइडच्या आकड्यांबद्दल. दादाच्या स्टिरिओच्या सेटिंगमध्ये "अँड्रॉइड १३" लिहिलंय. मी त्यात हार्डवेअरची माहिती दाखवणारं एक ॲप टाकून बघितलं तर एपीआय लेव्हल (अँड्रॉइडच्या प्रत्येक आवृत्तीचा ठरलेला आतला नंबर) २९ आली. २९ म्हणजे अँड्रॉइड १०, तेराला ३३ यायला हवी. म्हणजे आत दहा आणि वर पाटी तेराची. आणि हे काही एखाद्याच मॉडेलचं नाही, बिननावाच्या स्टिरिओत हा प्रकार सगळीकडे चालतो, रॅम आणि स्टोरेजचे आकडेही असेच फुगवलेले निघतात. घ्यायच्या आधी दुकानात डेमो पीसवर हे ॲप टाकून बघू द्या म्हणा, नाही म्हणाले तर काय ते समजून जा. आणि अपडेट येतील अशी आशा ठेवू नका. आज जी ॲप पळतायत ती चार वर्षांनी त्याच प्रोसेसरवर रांगणार, आणि फोन जसा बदलतो तसा स्टिरिओ काही दरवर्षी कोणी बदलत नाही. रिसीव्हरचं तसं नाही, फोन नवा घेतला की रिसीव्हरवरचं सगळं आपोआप नवं होतं.

रोज छळणारी गोष्ट वेगळीच आहे. सकाळी गाडी सुरू करायची, रिव्हर्स टाकायचा आणि मागचं बघायचं. माझ्या रिसीव्हरवर कॅमेऱ्याचं चित्र जवळपास लगेच येतं. दादाच्या गाडीत आधी कंपनीचा लोगो, मग अँड्रॉइडचा लोगो, मग काळी स्क्रीन, आणि तोवर मी मान वळवून गाडी बाहेर काढलेली असते. यावर उपाय म्हणून या स्टिरिओत स्लीप मोड असतो, म्हणजे गाडी बंद केली तरी तो पूर्ण बंद होत नाही, पेंगत राहतो आणि चावी फिरवली की पटकन उठतो. पण झोपेतही तो बॅटरी पितो. गाडी बंद असताना बॅटरीतून खेचला जाणारा करंट सगळा मिळून साधारण ५० मिलीअँपियरच्या आत असावी, हे मल्टीमीटर लावून मोजता येतं, आणि फिटिंग झाल्यावर हे मोजायला लावा, दहा मिनिटांचं काम आहे. गाडी आठवडाभर उभी राहत असेल तर सेटिंगमध्ये स्लीपचा वेळ कमी करून ठेवा.

वायरिंगबद्दल थोडं जास्त लिहिते कारण पैसे स्टिरिओवर जातात आणि वाट लागते ती वायरिंगमध्ये. स्टिरिओच्या मागे पिवळी वायर म्हणजे बॅटरीचा कायमचा सप्लाय, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा, काळी अर्थ. पिवळीवर सेटिंग आणि स्टेशन लक्षात राहतात, लालवर चालू-बंद होतं. काही गाड्यांच्या सॉकेटमध्ये या दोघी उलट असतात, तशाच जोडल्या तर दर वेळी घड्याळ आणि स्टेशन सगळं पुसलं जातं, आणि दोन्ही एकत्र करून कायमच्या सप्लायला टाकल्या तर स्टिरिओ कधी बंदच होत नाही, सकाळी बॅटरी डाउन. निळी वायर अँटेनासाठी. बऱ्याच गाड्यांत छतावरच्या अँटेनात बारीक ॲम्प्लिफायर असतो, त्याला त्या निळ्या वायरीतून १२ व्होल्ट लागतात. ती जोडायची राहिली की एफएम खरखरतं आणि लोक म्हणतात नवीन स्टिरिओचा रेडिओ बेकार, जुनाच बरा होता. नारिंगी वायर हेडलाइटसोबतची, ती जोडली की रात्री स्क्रीन आपोआप मंद होते. मोठ्या स्क्रीनला ही नाही जोडली तर रात्री डोळ्यांवर टॉर्च मारल्यासारखं होतं. दादाच्या गाडीत ती जोडलीच नव्हती, विचारलं तर फिटिंगवाला म्हणे, "ताई, ती वायर कोणी लावतच नाही, ब्राइटनेस हाताने कमी करायचा." चालत्या गाडीत तीन मेनू उघडून! परत खोलायला लावलं आणि जोडून घेतली.

वायर कापून जोडू देऊ नका, हे तर लिहूनच घ्या. तुमच्या गाडीच्या मॉडेलचा कपलर मिळतो, एका बाजूने गाडीचं सॉकेट आणि दुसऱ्या बाजूने स्टिरिओचं, खटकन बसतं, गाडीची वॉरंटीही अडचणीत येत नाही आणि उद्या जुना स्टिरिओ परत लावायचा झाला तर पाच मिनिटांत लागतो. फ्रेमचंही तेच. डबल डिन म्हणजे १८० बाय १०० मिलीमीटरचं तोंड, सिंगल डिन त्याच्या अर्धं, ५० उंचीचं, हे माप जर्मन डिन स्टँडर्डवरून जगभर चाललं आणि आयएसओ ७७३६ म्हणून मान्य झालं. काही जपानी गाड्यांत २०० मिलीमीटर रुंदीचं तोंड असतं, तिथे १८० चा बसवला तर बाजूला फटी राहतात आणि त्यासाठी पट्ट्या लागतात. फ्रेम तुमच्याच मॉडेलची आणि वर्षाची हवी, "थोडं घासून बसवतो" म्हणाले तर उठून चालू लागा, ती पुढे आयुष्यभर कुरकुरते.

स्टिअरिंगवरच्या बटणांचं आधी विचारा. जुन्या पद्धतीत प्रत्येक बटणाला वेगळा रेझिस्टर असतो, स्टिरिओच्या की-वन आणि की-टू वायरी जोडून मेनूत एकेक बटण शिकवलं की काम झालं. नव्या गाड्यांत हे कॅन बसवरून, म्हणजे गाडीतल्या सगळ्या इलेक्ट्रॉनिक भागांना जोडणाऱ्या डेटाच्या वायरींवरून, जातं, त्याला वेगळा डबा लागतो आणि तो तुमच्या गाडीसाठी मिळतो की नाही हे स्टिरिओ निवडायच्या आधी बघायचं असतं. काही गाड्यांत एसीची माहिती, पार्किंग सेन्सरचा आवाज, गाडीच्या सेटिंग हे सगळं कंपनीच्या स्क्रीनमधूनच चालतं. तिथे मी तर म्हणेन स्टिरिओ बदलूच नका, स्पीकर बदला.

आवाजावर येते. सगळ्या खोक्यांवर "५० वॅट गुणिले ४" असतं ना, ते कुठून येतं बघा. इंजिन चालू असताना गाडीचे व्होल्ट साधारण १४.४, स्पीकर ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग भागिले ४, आले ५१.८. झाले ५० वॅट. पण हे तेव्हाच जेव्हा ॲम्प्लिफायर इतका ताणलाय की लाटेचे माथे कापले जाऊन ती चौकोनी झालीय, म्हणजे निव्वळ फाटलेला आवाज. स्वच्छ आवाजात त्याच्या निम्मे, जास्तीत जास्त २६ वॅट, आणि चिपमधली तूट धरली की वीसच्या आसपास. हे गणित सगळ्यांना सारखंच लागू आहे, बिननावाचा असो नाहीतर नावाजलेला. त्यामुळे ज्या स्टिरिओच्या कागदावर आरएमएस (सतत देता येणाऱ्या खऱ्या पॉवरचा) आकडा प्रामाणिकपणे दिलाय, १४.४ व्होल्ट, ४ ओहम, १ टक्क्याच्या आत डिस्टॉर्शन (आवाज बिघडण्याचं प्रमाण) असं लिहून, त्याच्यावर विश्वास ठेवा, आणि "६० वॅट गुणिले ४ हाय पॉवर" वाचलं की नुसतं हसा.

मग चांगला आवाज कशाने येतो? माझ्या रिसीव्हरमध्ये टाइम अलाइनमेंट आहे आणि ते एकदा सेट केल्यावर मला त्याशिवाय ऐकवत नाही. चालवणाऱ्याच्या दाराचा स्पीकर जवळ असतो, पलीकडचा लांब, म्हणून आवाज कायम एका बाजूने येतोय असं वाटतं. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, तर जवळच्या स्पीकरला फरकाएवढा उशीर द्यायचा की झालं. मोजायची टेप घेऊन डोक्यापासून चारही स्पीकरचं अंतर मोजलं, मेनूत सेंटीमीटर टाकले आणि गाणारा एकदम दारातून उठून समोर काचेपाशी येऊन उभा राहिला. दादाच्या स्टिरिओत "डीएसपी" (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारी चिप) असं मोठ्ठं लिहिलंय, स्लायडरही भरपूर आहेत, पण ते ओढल्यावर होतं काय तर फक्त कमीजास्त गोंगाट. पुढे कधी वेगळा ॲम्प्लिफायर किंवा सबवूफर लावायचा असेल तर मागे प्रीआउट (बाहेरच्या ॲम्प्लिफायरकडे सिग्नल नेणारी सॉकेट) किती जोड्या आहेत आणि किती व्होल्टचे ते बघा, २ व्होल्टपेक्षा ४ व्होल्टवाल्यात इंजिनची ती घुंईई कमी शिरते.

कॉलसाठी बाहेरचा माइक आला असेल तर तोच लावा, पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबावर किंवा आरशाजवळ. स्क्रीनमधला इनबिल्ट माइक एसीच्या झोतासमोर असतो, समोरच्याला तुमच्याऐवजी वाराच ऐकू जातो.

कॅमेऱ्याचं एवढंच की जुन्या पद्धतीचा की एएचडी (जास्त स्पष्ट चित्र देणारा) हे स्टिरिओच्या सेटिंगशी जुळायला हवं, नाहीतर स्क्रीन काळी किंवा चित्र फाटलेलं. खराब म्हणून परत केलेले कितीतरी कॅमेरे खरं तर चांगलेच असतात.

राहिली स्क्रीन. डॅशच्या वर तरंगणारी दहा इंची स्क्रीन छोट्या गाडीत म्हणजे नाकापेक्षा मोती जड. दादाच्या गाडीत तिने मधल्या एसीच्या झडपा अर्ध्या झाकल्यात, हॅझर्डचं बटण तिच्यामागे हात घालून शोधावं लागतं, आणि थंडीत हीटर लावला की स्क्रीनची पाठ तापते. घ्यायच्या आधी पुठ्ठा त्या मापाचा कापून डॅशवर धरून बघा, हसू नका, खरंच बघा. टच कपॅसिटिव्हच हवा, म्हणजे फोनसारखा नुसत्या स्पर्शाने चालणारा, दाबून चालणारा रेझिस्टिव्ह नको. आणि आवाजाला फिरणारं बटण हवं म्हणजे हवंच. टोलनाक्यावर काच खाली केली आणि आवाज कमी करायचाय तर माझा हात न बघता बटणावर जातो. दादाच्या गाडीत काचेवर रंगवलेल्या वजा चिन्हावर चार वेळा बोट आपटायचं, त्यातलं दोनदा लागतं आणि एकदा होम दाबलं जातं.

हँडब्रेक ओढलेला असेल तरच स्टिरिओ व्हिडिओ दाखवतो, म्हणून गाडी चालू असतानाही तो दिसावा यासाठी हँडब्रेकची वायर सरळ अर्थला टाकून देतात, न सांगताही टाकतात. नको म्हणून सांगा. ती वायर हँडब्रेकलाच जोडलेली बरी.

दुकानात गेल्यावर स्वतःचा फोन आणि स्वतःची वायर घेऊन जा. मॅप्स लावून नकाशा दोन बोटांनी लहानमोठा करा, अडखळतो का बघा. एक फोन करून बोला. स्क्रीन उन्हात नेता आली तर न्या. पूर्ण बंद करून चालू करा आणि घड्याळ लावा. अँड्रॉइडवाला कोणी घ्यावा? ज्यांना ३६० कॅमेरा त्याच स्क्रीनवर हवाय, किंवा गाडी थांबवून मुलांना काही दाखवायचंय, किंवा ज्यांना सेटिंगशी खेळत बसायला आवडतं त्यांनी खुशाल घ्यावा, दादा तिसऱ्या प्रकारातला आहे आणि तो त्याच्या स्टिरिओवर खूश आहे.

माझ्या रिसीव्हरच्या तक्रारी पण आहेत. स्क्रीनची चमक आहे, दुपारी एका कोनातून काहीच दिसत नाही. त्याचा स्वतःचा मेनू दहा वर्षांपूर्वीचा वाटतो. यूएसबी पोर्ट फोन चार्ज करतो पण इतका सावकाश की मॅप्स चालू असताना टक्का जेमतेम टिकून राहतो. पुढच्या वेळी घेताना पोर्ट किती अँपियर देतो ते विचारून घेईन. आणि हो, कंपनीचा जुना स्टिरिओ, त्याचे स्क्रू आणि मूळ फ्रेम दुकानात सोडून येऊ नका, गाडी विकताना मागतात.